एकच गॅलरी, फेब्रुवारीचं ऊन आणि शिंजीरचं घरटं

गॅलरीतली_मी (पुणे)

महाशिवरात्र झाली. थंडी शिव शिव म्हणत जाते असं म्हणतात, पण आमच्याकडे सिंहगड रस्त्यावर ती अजून पहाटेपुरती रेंगाळली आहे. दूध घ्यायला दार उघडताना शाल लागते आणि दुपारी एकला पंखा. बाजरी संपवत आणली, पुढच्या दळणाला ज्वारी. मंडईत हरभऱ्याचे डहाळे दिसेनासे झालेत, कैरी अजून आलेली नाही, द्राक्षांचे ढीग मात्र सगळीकडे. होळीपर्यंतचे हे दिवस मला वर्षातले सगळ्यात आवडते, कारण घरातली कामं एकदम बदलतात आणि ती सगळी हाताची, उन्हातली असतात.

अडचण उन्हाचीच आहे. आमची गॅलरी एकच, दक्षिणेकडे तोंड करून, जेमतेम चार फूट रुंद. डिसेंबरात ऊन हॉलमध्ये पार सोफ्यापर्यंत यायचं. आता ते उंबऱ्यापाशी थांबतं. तेवढ्या उन्हाचे मालक बरेच आहेत.

पहिल्या गोधड्या. सासूबाईंनी स्वतःच्या नऊवारी लुगड्यांच्या शिवलेल्या आहेत, आत जुन्या धोतरांचे थर. मशीनमध्ये घालायच्या नाहीत हे मला पक्कं माहीत आहे, टाके उसवतील. धुऊन, खडखडीत वाळवून माळ्यावर जायच्या आहेत. सोबत स्वेटर आणि एक लोकरी शाल.

दुसरा मोगरा. चार कुंड्या आहेत, त्यातली एक बटमोगऱ्याची. पानं जुनी, काळपट हिरवी झाली आहेत आणि छाटणी व्हायची आहे.

तिसऱ्या कुरडया. आईकडे गावाला अंगण होतं, बाजा होत्या, चार जावा मिळून करायच्या. ती आता करत नाही. मला यंदा किलोभर गव्हाच्या का होईना, घरी करायच्या आहेत. मुलीला चीक कसा लागतो ते कळावं असं फार वाटतं. विकतच्या पाकिटात कुरडई मिळते, चीक मिळत नाही.

आणि आता या आठवड्यात चौथा मालक आला. कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला शिंजीरची मादी घरटं बांधते आहे. कोळ्याची जाळी, गवताच्या काड्या, सालींचे तुकडे असं काय काय आणून तिने वीतभर लांबीची लोंबती पिशवी केली आहे, दाराला वर छोटीशी पडवीसुद्धा आहे. बटमोगऱ्याची कुंडी बरोबर त्याच्या खाली येते. नर जांभळा-पिवळा चमकत समोरच्या पांगाऱ्यावर बसून असतो.

तर विचारायचं असं, की आधी काय करू? घरट्याच्या शेजारी छाटणी चालेल का? गोधड्या कुठे वाळवू? आणि किलोभर गव्हाची कुरडई फ्लॅटमध्ये नीट होते का, ज्यांनी केली आहे त्यांनी अगदी बारीकसारीक सांगा.

कुंडीवाला

ताई, मोगऱ्याचं आणि घरट्याचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

तीन कुंड्या आजच छाटा. आमच्याकडे जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर छाटणी चालते, त्यामुळे फार उशीर झालेला नाही. मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावर येतं, म्हणून जुनं लाकूड राखण्यात काही अर्थ नसतो. झाडाची साधारण एक तृतीयांश उंची कमी करा, वाळक्या आणि आत एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढा, उरलेली जुनी पानं हाताने ओरबाडून टाका. झाड उघडंबोडकं दिसेल, दिसू द्या. चार-पाच दिवस पाणी अगदी कमी. मग वरची दोन-तीन इंच माती उकरून चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि पाणी पूर्ववत करा. महिना-दीड महिन्यात कळ्या लागतील, पण एका अटीवर: रोज पाच-सहा तास थेट ऊन. सावलीतला मोगरा पानं छान देतो आणि फुलांना तरसवतो.

बटमोगऱ्याला मात्र सध्या हात लावू नका, कुंडी सरकवूही नका. शिंजीर माणसांच्या वावराला बुजत नाही, म्हणून तर तो गॅलरीत येतो. पण घरट्याभोवतीचा पाला म्हणजे त्याचा आडोसा. तो गेला की कावळ्याला आणि भारद्वाजाला घरटं उघडं दिसतं आणि दोघंही अंडी-पिल्लं सोडत नाहीत. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी साधारण दोन. तोवर त्या तारेवर कपडे नकोत, तार हलते. गॅलरीत जाणं-येणं रोजच्यासारखं ठेवा, फक्त घरट्यासमोर उभं राहून फोनने फोटो काढत बसू नका. मादी तेवढा वेळ बाहेर ताटकळते आणि अंडी गार पडतात. पिल्लं उडाल्यावर बटमोगरा छाटा. फुलं उशिरा येतील, पण येतील.

शेवंती असेल तर तीही याच दिवसांत बघा. फुलून गेलेले दांडे जमिनीपासून चार-सहा इंचांवर कापा. बुडाशी नवी पिल्लं फुटतात, ती उन्हाळाभर अर्धसावलीत जपली की पावसाळ्यात वेगळी लावता येतात.

नकाशावाला

मी इमारतींचे आराखडे करतो, त्यामुळे गॅलरीतल्या उन्हाचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमचं ऊन मागे का सरकतंय याचा हिशेब सोपा आहे आणि त्यावरून कामांचा क्रम आपोआप ठरतो.

पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, २१ मार्चला ७१ अंशांच्या पुढे आणि मेच्या मध्यावर थेट डोक्यावर. वरच्या गॅलरीचा स्लॅब दहा फुटांवर धरला, तर त्याच्या कडेपासून आत दुपारचं ऊन डिसेंबरात नऊ फूट शिरतं, आत्ता फेब्रुवारीच्या शेवटी पाच, २१ मार्चला साडेतीनच्या आत आणि २० एप्रिलच्या सुमारास जेमतेम सव्वा फूट. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीत दुपारचं थेट ऊन नाहीच.

तेव्हा जमिनीवर पसरायची जी कामं आहेत ती या पंधरवड्यात उरका. मोगरे हळूहळू कठड्याकडे सरकवत न्या आणि एप्रिलपासून शक्य असेल तर कठड्यावरच्या स्टँडमध्ये ठेवा. जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंडीला एप्रिलात पाच तास ऊन मिळणार नाही. आणि कुरडयांसाठी गॅलरीचा विचारच करू नका. सोसायटीच्या गच्चीची किल्ली मागा.

कृष्णाकाठची_आजी (वाई)

अगं पोरी, किलोभर गव्हाची कुरडई छान होते. उलट पहिल्यांदा करतेस तर किलोच्या वर जाऊच नको, चीक घोटताना हात भरून येतो.

गहू निवडून धू आणि भिजत घाल. तीन दिवस भिजायला हवा. रोज पाणी बदलायचं. आत्ता एकदा बदललं तरी चालतं, एप्रिलात करशील तर सकाळ-संध्याकाळ बदल, नाहीतर आंबूस वास बसतो आणि तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी गहू दाबून बघ, पांढरं दूध बाहेर आलं पाहिजे. मिक्सरमध्ये पाणी घालून थोडा थोडा वाट. फार वेळ फिरवू नकोस, सालं बारीक झाली तर चिकात उतरतात आणि कुरडई लालसर होते. मग पातळ फडक्यातून गाळून, चोथा पुन्हा पाण्यात कालवून पिळून घे. पाणी पांढरं यायचं थांबलं की पुरे. चोथा टाकू नको. त्यात मीठ, जिरं, तिखट घालून छोट्या छोट्या भुसवड्या घाल.

गाळलेलं झाकून रात्रभर हलवू नकोस. सकाळी वर पिवळसर पाणी येतं, ते अलगद ओतून टाक. खाली राहतो तो चीक. आता भांड्याने मोज. जेवढा चीक तेवढंच पाणी, ते जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेव, त्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल. मीठ बेताने घाल, वाळल्यावर कुरडई आटते आणि खारटपणा वर येतो. पाणी खळखळलं की एकीने चीक धारेने ओतायचा आणि दुसरीने लाटण्याने घोटायचं. हे काम दोघींचं आहे, मुलीला उभी कर. गुठळी झाली तर तिथेच मोड. घोटत घोटत पांढरा रंग जाऊन चकाकी येते, मग झाकण ठेवून मंद आचेवर वाफ काढायची. ओल्या हाताला चिकटला नाही की शिजला.

वाटीभर चीक आधी बाजूला काढ. त्यावर दूध-साखर किंवा साजूक तूप. सोऱ्या हातात घ्यायच्या आधी पोरीला हे खाऊ घाल, गरमच.

सोऱ्याला आतून तेलाचा हात, शेवेची बारीक ताटली, आणि चीक गरम असतानाच कुरडई पाडायची. गार झाला की घट्ट होतो, सोऱ्या दाबता दाबत नाही. म्हणून पहाटे पाचला गॅस पेटव, आठच्या आत सगळं गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर पडलं पाहिजे. दुपारी वरची बाजू सुकली की उलटायची. तुमच्याकडे धूळ फार, वर जुन्या साडीचा पदर अंथर आणि कडांना दगड ठेव. संध्याकाळी आत आणायच्या, असं तीन दिवस. मोडताना कट्ट आवाज आला की डब्यात भर. ढग दिसले तर गहू भिजत घालूच नको, चार दिवस थांब.

गोधड्यांचं. रिठे रात्री भिजत घाल, सकाळी उकळून गाळ, त्या पाण्यात गोधडी बुडवून ठेव आणि पायाने तुडव. ब्रश लावू नको, टाका निघतो. पिळताना दोन टोकांना दोघं हवेत, नवऱ्याला बोलाव. ओली गोधडी तारेवर टांगू नकोस, पाण्याच्या वजनाने मधून ताणते आणि आतले थर गोळा होतात. आडवी पसर, कठड्यावर किंवा गच्चीत. दोन दिवस ऊन दे. हाताला सुकी लागली तरी आतून दमट असते.

लोकरीला कसर लागते ती घामाला आणि सांडलेल्या डागाला. म्हणून एकदाच घातलेला स्वेटरसुद्धा धुऊनच ठेवायचा. सुती कापडात गुंडाळून वेखंडाचे तुकडे आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेव. पाला कोरडा हवा, ओला घातलास तर डाग पडतो. सासूबाईंच्या हातच्या गोधड्या आहेत, दरवर्षी एकदा तरी धुवायला हव्यात.

नेकारकाठ (स्टुटगार्ट)

आजींचं वाचून घरी फोन लावला, आईलाही वाचून दाखवलं.

इकडे अजून सकाळी गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडावं लागतं, त्यामुळे माझी चिंता वेगळी. कढीपत्त्याची कुंडी ऑक्टोबरपासून घरात, खिडकीशी आहे. हिवाळ्यात पानं गळून नुसती काठी उरते, पण बुंधा हिरवा असला की तो परत येतो. पाणी तेव्हा अगदी थोडं द्यायचं, नाहीतर मुळं कुजतात. आता दिवस मोठा व्हायला लागल्यावर टोकाला लाल कोंब दिसतोय.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, त्याच सुमारास टोमॅटो-मिरचीच्या बिया आत रुजत घालते. बाहेर मात्र १५ मेपर्यंत काही ठेवत नाही. ११ ते १५ मे या पाच दिवसांना इथे संतांची नावं आहेत, त्यांना ‘आइसहायलिगे’ म्हणतात, आणि शेजारच्या आजी शेवटची सोफी गेल्याशिवाय टोमॅटो बाहेर लावू देत नाहीत. एखाद्या रात्रीचं गोठलेलं दव कढीपत्त्याला मारायला पुरतं. इथल्या मराठी मंडळींनी हे जरूर पाळा.

गॅलरीतली_मी

आजी, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं. मुलीला चौथ्या दिवसाचं सांगितलं तर ती म्हणाली, शनिवारीच येऊ दे तो दिवस, म्हणून बुधवारी गहू भिजत घालते. अध्यक्षांकडून गच्चीची किल्ली मिळाली, उद्यापासून पुढच्या मंगळवारपर्यंत. वरच्या मजल्यावरच्या काकूंना कळल्यावर त्यांनी त्यांचा पितळी सोऱ्या काढून दिला आणि मदतीला येते म्हणाल्या. गोधड्या उद्याच तुडवतो, गच्चीतच वाळतील.

कुंडीवाले दादा, तीन मोगरे छाटले, पानं ओरबाडली. बटमोगऱ्याला हात लावलेला नाही. मादी आता बराच वेळ आतच असते, फक्त चोच बाहेर दिसते, म्हणजे अंडी घातली असावीत. तारेचं दुसरं टोकही मोकळं सोडलंय, कपडे आत स्टँडवर.

नकाशावाले, तुमचे आकडे खडूने फरशीवर आखून बघितले. आज दुपारी साडेबाराला ऊन पाच फुटांच्या रेघेला लागलं होतं. मुलीने पुढच्या तारखांच्या रेघाही मारून ठेवल्यात.

आजी, एक राहिलं. चीक घोटायला लाटणं की लाकडी उलथणं? आमच्याकडे पातेलं खोल आहे.

कृष्णाकाठची_आजी (वाई)

लाटणंच, आणि जाडजूड घे. खोल पातेल्यात उलथणं बुडापर्यंत नीट फिरत नाही, चीक खाली धरतो. पातेलं सांडशीने घट्ट धरायला काकूंना सांग. भुसवड्यांत थोडे तीळ घाल, संक्रांतीचे उरले असतीलच.