ज्युरी ड्यूटी टाळायची कशाला?

सॅनहोजेकर:
इथे अमेरिकेत सिटिझन झालं की वर्ष-दोन वर्षांत ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात बसायचं, समन्स येतं आणि आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "यातून सुटायचं कसं?" मग सल्ले सुरू. इंग्रजी समजत नाही म्हणून सांग, पोलिसांवर विश्वास नाही म्हणून सांग. हे सगळं शपथेवर, बरं का!

मी गेलो आणि निवडला गेलो. सँटा क्लारा काउंटीतला दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला. कॅलिफोर्नियात रक्तात ०.०८ टक्के अल्कोहोल ही मर्यादा, रिपोर्टात त्याहून किंचित जास्त. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. पण रक्त घेतलं होतं गाडी थांबवल्यावर बऱ्याच वेळाने. चाचणी तीन तासांच्या आत झाली असेल तर चालवतानाही तेवढंच प्रमाण होतं असं धरून चालता येतं, पण बचाव पक्ष ते खोडू शकतो. या एका मुद्द्यावर आमची खोलीत जोरदार जुंपली. सगळ्यात नेमके प्रश्न काढले ते गोदामात काम करणाऱ्या एका पोराने. शेवटी नशेत चालवल्याच्या कलमावर दोषी, कारण गाडी वाकडीतिकडी जात होती, ०.०८ च्या कलमावर शंका उरली म्हणून निर्दोष. बाराही जणांचं एकमत.

माझं मत: अशी पद्धत भारतातही हवी होती. आपण ती उगाच मोडीत काढली.

भोचक_पुणेकर:
उगाच? नानावटी विसरलात? १९५९ साली नौदलाच्या कमांडरने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या आणि मुंबईच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी सोडून दिलं. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने देखण्या अधिकाऱ्याची बाजू लावून धरली होती, ज्युरी पाघळली. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली म्हणून निभावलं. शंकेचा फायदा वगैरे ठीक आहे हो, पण पुरावा तोलणं हे शिकलेल्या माणसाचं काम.

वकीलबाई:
थोडी दुरुस्ती. नानावटीमुळे ज्युरी गेली हे सगळीकडे ठोकून दिलं जातं, पण ती बंद करा अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ च्या अहवालातच केली होती. म्हणजे गोळ्या सुटण्याआधी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. आणि अगदी नामशेषही नाही: पारशी वैवाहिक खटल्यांत समाजातले पाच प्रतिनिधी आजही न्यायाधीशांबरोबर बसू शकतात.

भोचक_पुणेकर:
बरं, नानावटी सोडा. टिळकांचं बघा. १८९७ च्या खटल्यात सहा युरोपीय ज्युरर 'दोषी' म्हणाले, तीन हिंदी 'निर्दोष'. १९०८ मध्ये सात युरोपीय 'दोषी', दोन पारशी 'निर्दोष', आणि सहा वर्षं मंडाले. सामान्य माणूस न्याय करतो म्हणता, इथे तर त्याने कातडीचा रंग बघून केला!

सॅनहोजेकर:
काका, हे उदाहरण माझ्या बाजूचं झालं की! सात-दोनवर टिळकांना शिक्षा झाली कारण तिथे बहुमत चालत होतं. इथल्यासारखं एकमत लागलं असतं तर त्या दोघांनी खटला अडवला असता.

भोचक_पुणेकर:
एकमताचं कौतुक मिसिसिपीला जाऊन सांगा. १९५५. एमेट टिल, चौदा वर्षांचा काळा मुलगा, हाल करून मारला. बारा गोऱ्या पुरुषांनी तासाभरात मारेकऱ्यांना सोडलं. एकमताने.

सॅनहोजेकर:
याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणतो की त्या बारांत एकही काळा माणूस येऊ दिला नव्हता, हा दोष होता. सरकारी वकिलाने रंगावरून ज्युरर वगळायला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मनाई केली. पळवाटा अजून आहेत, मान्य. पण आपणच खोटं बोलून बाहेर पडलो तर उद्या कटघऱ्यातल्या देशी पोराच्या ज्युरीत कोण असेल?

डिलिव्हरीवाला:
तुमच्या कंपनीने त्या दिवसांचा पगार दिला ना? मग तत्त्वं परवडतात. मला गाडी फिरली नाही तर कमाई शून्य. काउंटी पहिल्या दिवसाचं काहीच देत नाही, दुसऱ्यापासून रोजचे १५ डॉलर. इथे लंचसुद्धा येत नाही त्यात. मी सुटायला बघतो आणि मला लाज नाही वाटत.

सॅनहोजेकर:
तुमचं खरं आहे. पण त्यासाठी खोटं कशाला? आर्थिक अडचण हे मान्य असलेलं कारण आहे, न्यायाधीशांना सरळ सांगा. लांबलेल्या खटल्यातून अशा लोकांना सोडताना मी स्वतः बघितलंय.

वकीलबाई:
आणि मग ज्युरीत उरतात पगारी नोकरदार आणि निवृत्त. 'सामान्य माणूस' तिथेच गळला की हो. तुमचा गोदामातला पोरगा म्हणजे नशीब समजा.

नवीन_इथे:
मध्येच विचारते, मी ग्रीन कार्डवर आहे तरी समन्स आलंय. जायचं का?

सॅनहोजेकर:
नाही ताई, फक्त नागरिकच बसू शकतात. नावं डीएमव्हीच्या (वाहन परवाने देणाऱ्या खात्याच्या) यादीतूनही उचलतात म्हणून आलं असेल. पण फेकून देऊ नका, 'नागरिक नाही' असं लिहून वेळेत उत्तर पाठवा.