२०२४ चा हॉकी सीझन, तुमच्या मते खरा हिरो कोण?

पार्कचौकवाला: काल रात्री परत पॅरिस ऑलिम्पिकची आपली ग्रेट ब्रिटनविरुद्धची क्वार्टर फायनल बघत बसलो, झोपच गेली. १७ व्या मिनिटाला आपल्या डिफेंडर रोहिदासला रेड कार्ड अन् मग उरलेली सगळी मॅच १० जणांत, तरी १-१ ठेवली अन् शूटआउटला ४-२. माझं मत गोलकीपर श्रीजेशला. तुमचं?

कडकभाकरी: श्रीजेश भारीच बे, पण गोल कोण मारलं? हरमनप्रीतनं पॅरिसला १० मारले, स्पर्धेत सगळ्यात जास्त. ब्रॉन्झच्या मॅचला स्पेन १-० पुढं होतं तवा त्याचेच पेनल्टी कॉर्नरवर (समोरच्यानं गोलजवळ फाऊल केला की मिळतो तो चान्स) दोन गोल, २-१. त्याच्याशिवाय मेडल कसलं?

सातरस्ता_०७: मला मात्र तीच गोष्ट खटकते, पेनल्टी कॉर्नर मिळाला नाही की आपली गाडी अडकते. फिल्ड गोल, म्हणजे चालू खेळात मारलेले, लई कमी. अन् त्या रेड कार्डामुळं रोहिदास सेमीला बाहेर बसला, जर्मनीनं २-३ नं घालवलं, ५४ व्या मिनिटाला गोल खाल्ला, लई लागलं ते. आमच्या घरी तर जेवणच राहिलं त्या दिवशी, ताटातली शेंगाचटणी तशीच.

पार्कचौकवाला: हे बरोबर. पण एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात पाचच्या पाच मॅच हरून आलेली टीम, तीच ऑलिम्पिकला त्यांना ३-२ हरवते, १९७२ नंतर पहिल्यांदा! हे कोणी धरतच नाही.

कडकभाकरी: अन् श्रीजेश रिटायर झाल्यावरबी सप्टेंबरला चीनमध्ये एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी घेतली, फायनल १-० नं. जुगराजचा गोल, तोबी फिल्ड गोल बरं का सातरस्ता 😄