'मेरुलियस लॅक्रिमन्स' लिहिलेली जुनी पाकिटं: नावावर विसंबावं का?

सूक्ष्मदर्शी_वेडी:
हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या) लाकूड कुजवणाऱ्या बुरशींची यादी करतेय. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच पाकिटांवर 'मेरुलियस लॅक्रिमन्स' आहे, म्हणजे आजची सर्पुला लॅक्रिमन्स. पण काहींवर 'तुळईवर' लिहिलंय, तर काहींवर 'जंगलात, पडलेल्या खोडावर'. सगळी एकाच नावाखाली नोंदवू? की डीएनएसाठी परवानगी मागू?

ओलसर_तुळई:
खोडावरची आधी बाजूला काढा. लॅक्रिमन्स ही इमारती लाकडाची बुरशी. रानात ती हिमालयासारख्या मोजक्याच ठिकाणी सापडलीय. खोडावरची बहुतेकदा तिची बहीण निघते, सर्पुला हिमँटिऑयडिस. बुरशीशास्त्रज्ञ फ्रीसनं ती १८१८ मध्येच वेगळी नोंदवली होती, पण पाकिटं भरणाऱ्यांनी तेवढं मनावर घेतलं नाही. कुठं 'मेरुलियस सिल्व्हेस्टर' दिसलं तर गोंधळू नका. रानातल्या बुरशीला ते नाव फाल्क या बुरशीशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये दिलं.

बीजाणू मोजत बसण्यात अर्थ नाही, दोघींची मापं एकमेकींत मिसळतात. फलकायाची (बीजाणू तयार करणाऱ्या भागाची) जाडी पाहा: लॅक्रिमन्सचा मांसल, हिमँटिऑयडिसचा पातळ पापुद्रा. वाळल्यावर दोन्ही आक्रसतात, म्हणून माझा भरवसा दोरांवर जास्त. तंतूंचे जाड, वाळून ठिसूळ झालेले दोर असतील तर लॅक्रिमन्स. (ठिसूळ आहेत का हे मोडून बघायचं नसतं!) पण जुने संग्राहक नेमका फलकाय कापून घेत आणि दोर तिथंच सोडत. त्यांचा मला आजही राग येतो.

पीसीआर_काका:
परवानगी जरूर मागा, पण फक्त ज्या पाकिटांचं असं बघून ठरत नाही त्यांच्यासाठी. जुना डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो. अख्खा आयटीएस (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा पट्टा) मिळेल ही आशा नको, त्यातल्या आयटीएस-१ किंवा आयटीएस-२ या छोट्या भागाच्याच प्रती पीसीआरनं काढून बघा. बऱ्याचदा नमुन्यावर नंतर वाढलेल्या साध्या बुरशीचाच डीएनए-क्रम हाती येतो, तेव्हा चिमटीभर भाग स्वच्छ जागेवरून घ्या. आणि हातमोजे घाला. कीड लागू नये म्हणून पूर्वी नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचं विषारी संयुग लावत.

सूक्ष्मदर्शी_वेडी:
एका पाकिटात चौकोनी चिरा पडलेल्या लाकडाचा तुकडा आहे. त्यावरून काही ठरेल?

ओलसर_तुळई:
बुरशी ठरणार नाही. दोघीही सेल्युलोज खातात आणि लिग्निन मागे ठेवतात, चिरा तशाच पडतात. पण लाकूड रंधा मारलेलं (म्हणजे इमारतीतलं) आहे की सालीसकट (म्हणजे रानातलं), ते बघा. नाव बदललंत तर जुनी चिठ्ठी तशीच राहू द्या. नवी शेजारी लावा, तारखेसकट.