जिवंत प्रायमर काढायचा की नाही? आणि ते तेलाचं खूळ

राजेश_ह्यूस्टन
आपण घरी काडतुसं भरणारी मंडळी, आणि परवा इथे एकाने सल्ला दिला की भरलेल्या केसमधला (काडतुसाच्या पितळी नळीतला) जिवंत, म्हणजे न फुटलेला, प्रायमर (तळाची ठिणगी पाडणारी टिकली) काढायचा असेल तर आत डब्ल्यूडी-४० तेलाचे दोन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी बिनधास्त ठोकून काढा. वाचून डोकंच फिरलं. तेलाने प्रायमर मरतो ही खात्री कोणी दिली? मी स्वतः दहा प्रायमर रात्रभर भिजवले, रिकाम्या केसमध्ये बसवून रेंजवर वाजवले, दहातले सहा फुटले! म्हणजे मेलाय समजून तुम्ही हातोडी मारणार आणि तो जिवंत निघणार.
माझ्याकडे ३०८ रायफलची साठ काडतुसं चुकीच्या पावडरने भरली गेली होती, आणि बुलेट काढल्यावर दिसलं की बऱ्याच केसच्या मानेला चिरा आहेत, म्हणजे केस बाद. प्रायमर मात्र कोरे. आधी पावडर पूर्ण रिकामी केली, सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारा), डिकॅपिंग डाय (पिनने प्रायमर बाहेर ढकलणारा साचा), डोळ्यावर चष्मा, कानावर मफ, तोंड बाजूला, आणि हँडल इतकं हळू की पिन अॅन्व्हिलला (प्रायमरमधल्या छोट्या ऐरणीला) टेकलेली हाताला कळते. मग नुसता दाब, झटका नाही. प्रायमर झटक्याने फुटतो, फायरिंग पिन तेच तर करते. एकही फुटला नाही.

शिल्पा_ओहायो
राजेशदादा, साठात एकही फुटला नाही हा पुरावा नाही, नशीब आहे. पिन अॅन्व्हिल ढकलते आणि अॅन्व्हिल मसाल्यावरच, म्हणजे आतल्या स्फोटकावरच, दाबतो ना? आमच्याकडे हाच उद्योग ह्यांनी प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (एका ओढीत अनेक कामं करणाऱ्या) केला, एक अडकला म्हणून हँडलला जोर दिला आणि ठाप्पकन आवाज. प्रायमरच्या वाटीचा तुकडा गालात, चष्म्याच्या बरोब्बर खाली, दोन टाके पडले. आठ सेंटच्या वस्तूसाठी?

बंड्या_डॅलस
आठ सेंट आज. २०२१ विसरलात काय ताई? ज्या हजार प्रायमरच्या पेटीला आधी तीस-पस्तीस डॉलर मोजायचो ती लोक दीडशे-दोनशेला विकत होते आणि दुकानात गेलं तर फळ्या रिकाम्या. इथल्याच काही मंडळींनी गॅरेजमध्ये दहा-दहा हजार रचून ठेवले आणि आम्ही एकेक प्रायमर वाचवत बसलो. मी तेव्हापासून काढलेले सगळे जपून ठेवतो, श्रीखंडाच्या डब्यात अर्धा डबा भरलाय.

शिल्पा_ओहायो
श्रीखंडाच्या डब्यात सुटे??? बंड्या, तो डबा आजच्या आज रिकामा कर. कंपनी त्यांना ट्रेमध्ये वेगवेगळ्या खाचांत का ठेवते? एक फुटला की शेजारचा फुटतो, मग सगळेच. घरात पोरं आहेत ना रे तुझ्या?

बंड्या_डॅलस
माझ्या पोरांना मध्ये आणू नका. डबा कपाटात वर आहे. ज्यांनी साठेबाजी केली त्यांना कोणी काही बोलत नाही, आणि मी डबा ठेवला तर मी गुन्हेगार.

खडकीकर
साठेबाजीचं भांडण बाजूला ठेवा जरा. आमचे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. ते सांगायचे, कामावर सुती कपडे, बूट बिनखिळ्याचे, आणि आत शिरायच्या आधी धातूच्या पट्टीला हात लावायचा, अंगातली वीज जमिनीत जायला. मसाला मोजून थोडाच समोर, बाकीचा भिंतीपलीकडे. तुमच्या डब्यात सगळा एकत्र, आणि तुम्ही हलवून बघता किती भरला ते. बंड्याभाऊ, वाईट वाटलं तर वाटू द्या. आणि हो, आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यातच धरलेत, तेव्हा पुण्यात बसून वाचणाऱ्यांनी विनापरवाना हात घालू नये.

राजेश_ह्यूस्टन
खडकीकर बरोबर आहेत, आणि शिल्पाताई, अॅन्व्हिल मसाल्यावर दाबतो हे मान्यच आहे, म्हणून तर हळू म्हणतोय. तुमच्या ह्यांनी जोर दिला तिथेच गडबड झाली. क्रिम्प केलेल्या (प्रायमरभोवती धातू दाबून घट्ट केलेल्या) मिलिटरी केसचा तर मी विचारच करत नाही, त्यातला प्रायमर आधी अडतो मग एकदम सुटतो. बर्डन पद्धतीच्या केसला तळाशी दोन बाजूला दोन भोकं, मधे पिनला जागाच नाही, तेही नाही.

शिल्पा_ओहायो
मग एक सांगा, केस धड असेल तर प्रायमर काढायचाच कशाला? डायमधली पिन काढून टाका, केस साइझ करा (दाबून परत मापात आणा), तोच प्रायमर तसाच राहू द्या, पावडर घाला. हात लावायलाच नको.

राजेश_ह्यूस्टन
...हे मान्य. माझ्या साठांत चोवीस केस धड होत्या, त्यांतले उगाच काढले मी. बाकी छत्तीसला पर्याय नव्हता असं अजून म्हणतो. आणि परत बसवलेले मी फक्त टार्गेटला वापरतो, हरणामागे जाताना नाही, दोनदा दाबलेल्या अॅन्व्हिलवर माझा भरवसा नाही. ज्याचा अॅन्व्हिल सुटा झाला तो बादच.

बंड्या_डॅलस
डबा बाहेर अंगणात ठेवलाय. थोडे थोडे चिमट्याने जुन्या ट्रेमध्ये घालतोय, चाळीस झाले. दुकानदार रिकामे ट्रे देतात का कोणाला माहीत आहे?