सोलापुरातला अनंत का पिवळा पडतो

सोलापूरच्या अंगणात अनंताची पानं पिवळी पडतायत, यावर शेणखत वाढवायचा सल्ला आलाय. त्याने काम होणार नाही. आधी पान नीट बघा. कोवळं पान पिवळं आणि त्यातल्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. जुनी, खालची पानं आधी पिवळी झाली असती तर नत्राचा संशय घेतला असता.

मातीत लोह असतंच, पण चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना उचलता येत नाही. चमचाभर सुक्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली की चुना आहे. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, हवा दमट, म्हणून अनंत तिथे खुशाल वाढतो. इकडे चुनखडीच्या जमिनीत बोअरचं जड, क्षारांचं पाणी घातलं की दुखणं वाढतंच.

तात्पुरता उपाय: १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) आणि १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड, संध्याकाळी फवारणी, १५ दिवसांनी पुन्हा. भर उन्हात मारलंत तर पानं करपतील. झाड ठेवायचंच असेल तर कुंडीत, पावसाचं साठवलेलं पाणी देऊन, दुपारी सावलीत.

जमिनीत लावायला पारिजातक, मधुमालती, बोगनवेल बघा. कण्हेरही टिकते, पण विषारी आहे; लहान मुलं किंवा गुरं असतील तर नकोच. बोगनवेलीला रोज पाणी घालू नका, नुसती पानं येतील. जरा तहानली की फुलते.