मदत हवी आहे: बोंबा नृत्य रंगमंचावर आणताना

नमस्कार मंडळी. पोर्तो रिकोच्या बोंबा नृत्यावर एमएचा प्रबंध लिहिते आहे. न्यूयॉर्कमध्ये वाढलेली पोर्तोरिकन मुलं या नाचातून आपली आफ्रिकी मुळं कशी शोधतात, हा विषय. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचा हा नाच. तिथली गुलामगिरी १८७३ मध्ये संपली, नाच टिकला. नाचणारी घागऱ्याचा घेर झटकते, खांदा उडवते आणि मुख्य ढोलवाला ते टिपून त्याच क्षणी थाप देतो. ताल तिच्या मागून येतो!

अडलंय ते इथे: रंगमंचासाठी सगळं आधीच बसवलं तर हा सवाल-जवाब जिवंत राहतो का? मला वाटतं, काही जागा मोकळ्या सोडायलाच हव्यात. न्यूयॉर्क, शिकागोकडे कुणी बोंबा शिकलंय किंवा जवळून पाहिलंय का? आणि अशा उत्स्फूर्त हालचाली कागदावर कशा नोंदवायच्या? जाणकारांनी कृपया सांगावं.