गाडी विकली म्हणजे हात झटकले, असं होत नाही

पौडरोडकर
काल इथेच एकानं लिहिलं: "पैसे घेतले, चावी दिली, नाव बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या करून दिल्या, विषय संपला. नावावर करायची की नाही ते घेणारा बघेल." खाली सगळे 'बरोबर, बरोबर' म्हणतायत. हा सल्ला घातक आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५० दोघांनाही कामाला लावतं. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. सह्या केलेले फॉर्म घेणाऱ्याच्या हातात दिले म्हणजे आरटीओला कळवलं असं होत नाही. तो ते ड्रॉवरमध्ये टाकतो आणि गाडी पुढे तिसऱ्याला विकतो.

आणि कायद्याच्या लेखी मालक कोण? ज्याच्या नावावर नोंद आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, सुप्रीम कोर्ट, २०१८. गाडी हातोहात पुढे गेली, अपघात झाला, आणि भरपाई आली नोंदीत नाव राहिलेल्या पहिल्या मालकावर. माझ्या काकांनी ओळखीतल्या मुलाला स्कूटर दिली, तिची चलनं अजून काकांच्या मोबाईलवर येतात. नळस्टॉपला सिग्नल तोडला, स्वारगेटला हेल्मेट नाही. काका गुडघ्यांमुळे सोसायटीच्या बाहेर पडत नाहीत. उद्या त्या स्कूटरखाली कुणी आलं तर?

सदाशिव३०
ती पोस्ट माझीच, आणि माझं मत कायम आहे. कायदा मलाही माहीत आहे, पण विकणाऱ्यानं घेणाऱ्याच्या मागे किती फिरायचं? येताना मेकॅनिक घेऊन येतात, टायरवर नख मारून बघतात, ठरलेल्या भावातून ऐनवेळी दहा हजार पाडून मागतात. तेव्हा मोठे जाणकार. गाडी दारात उभी राहिली की फोन उचलत नाहीत. बघून घेतलीत, जशी आहे तशी घेतलीत, आता पुढचं सगळं तुमचं.

चिंचवडचा
"जशी आहे तशी" हे ऐकलं की माझं डोकं सणकतं. जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घुसलं, आठवतंय ना? त्यानंतर मी सिंहगड रोडवरून एक गाडी घेतली. व्हॉट्सॲपवर सरळ विचारलं होतं, पाण्यात होती का. उत्तर आलं, "नाही, वरच्या पार्किंगला होती." दिवाळीच्या आत पॉवर विंडो बंद, मग सेन्सर, मग मीटर. मेकॅनिकनं सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या पट्टीवर गाळाची रेघ. वायरिंगच्या सॉकेटना हिरवा गंज. आता त्याला फोन केला की म्हणतो, बघून घेतलीत ना.

सदाशिव३०
सीटबेल्ट आधी ओढून बघायला कुणी अडवलं होतं? आणि पुरात ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांचं नुकसान कुणी भरून दिलं? सगळ्यांना चोर ठरवू नका. माझ्या बहिणीची गाडीही त्या पाण्यात होती. तिनं सांगून, पडत्या भावात विकली.

चिंचवडचा
मग तुमची बहीण माझ्याच बाजूची झाली. तिनं सांगितलं, यानं खोटं सांगितलं. एवढा साधा फरक दिसत नसेल तर वाद घालू नका.

शिवाजीनगर कोर्टाजवळ
दोघंही थोडे थांबा. जुनी गाडी स्वतःची म्हणून विकणारा त्या मालाचा व्यापारी नसतो, म्हणून माल विक्री कायद्यातली दर्जाची गर्भित (न बोलताही धरली जाणारी) हमी त्याच्यावर सहसा येत नाही. ग्राहक आयोगातही अशा घरगुती विक्रेत्याविरुद्ध टिकणं अवघड. इथवर सदाशिव३० यांचं बरोबर.

पण करार कायद्याचं कलम १७ वाचा. नुसतं गप्प राहणं एरवी फसवणूक धरत नाहीत, जाणूनबुजून खोटं सांगणं किंवा दोष झाकणं मात्र धरतात. "तुला तपासता आलं असतं" हा बचाव कलम १९ मध्ये आहे, पण तो अजाणता दिलेल्या चुकीच्या माहितीला आणि लबाडीच्या मौनाला. धडधडीत खोट्याला नाही. चिंचवडचा, ते चॅट जपून ठेवा आणि आधी लेखी नोटीस पाठवा. व्यवहार रद्द करायचा असेल तर गाडी वापरत राहू नका, नाहीतर 'सगळं कळूनही ठेवून घेतली' असं म्हणतील.

चिंचवडचा
गाडी वापरायची नाही तर रोज हिंजवडीला जाऊ कसा? ईएमआय चालूच आहे. कायदा सांगणं सोपं आहे हो.

पौडरोडकर
तुमचा राग समजतो, पण धागा पुरातच वाहून चाललाय. मूळ मुद्दा नोंदीचा होता.

वारज्याची ताई
नोंदीचंच सांगते. आम्ही घेतलेल्या गाडीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा निघाला. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ नसल्यानं बोजा उतरेना, म्हणून नाव चढेना. तो माणूस पैसे घेऊन गावी गेला होता. माल बोजामुक्त असल्याची हमी माल विक्री कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे, ती खाजगी विकणाऱ्यालाही लागू, पण ती वसूल करायला आधी माणूस सापडायला हवा! टोकन देण्याआधी सरकारच्या 'वाहन' साइटवर नंबर टाकून बघा. आणि विम्याचं कुणी बोललंच नाही. थर्ड पार्टी (म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचं) कवच गाडीबरोबर जातं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं आपोआप येत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करायची.

सदाशिव३०
ताईंचं पटलं. बोजा लपवून विकणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. २९ नंबरचंही ऐकतो, यापुढे स्वतः देईन आणि पोच घेईन. पण पौडरोडकर, काकांचं सगळं खापर कायद्यावर फोडू नका. ओळखीचा मुलगा होता ना? मग त्याच्या घरी जाऊन बसायचं होतं.

पौडरोडकर
बसलो होतो. त्याच्या आईनं चहा दिला आणि म्हणाली, "तो आता पुण्यात नसतो." स्कूटर खाली जिन्यापाशीच उभी होती. सोमवारी काकांचा अर्ज घेऊन आरटीओत जातोय, विक्रीची तारीख आणि पैसे खात्यात आल्याची नोंद जोडून.

शिवाजीनगर कोर्टाजवळ
त्या मुलाला स्पीड पोस्टानं नोटीसही त्याच दिवशी टाका. आणि दोन्हींच्या पोचपावत्या काकांच्याच नावाच्या घ्या, तुमच्या नको.